माईकवाली

तीन दिवस मी माईक घेऊन हॉलभर धावले.
गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर नुसतं 'स्वयंसेवक',
नावापुढे टिंबं टिंबं; पेन कुणाकडेच नव्हतं.
दोनापावलाच्या त्या सभागृहात एसी असा
की एकतीस देशांची मुलं एकाच तऱ्हेनं काकडली.
परिषदेतलं ते पहिलं एकमत.

सकाळचे वक्ते म्हणाले, नेता पुढे चालतो.
दुपारच्या बाई म्हणाल्या, नेता मागे राहतो, माणसं मोजत.
मी दोन्ही उतरवून घेतलं, एकाखाली एक,
आणि जेवणाच्या रांगेत मधोमध उभी राहिले.
एस्टोनियाचा एक मुलगा सोलकढीकडे बघून विचारत होता,
हे गोड असतं का?
मी म्हटलं, घेऊन बघ.

बट्टिकलोआच्या थवमणीबाईंनी एकही स्लाईड लावली नाही.
लाटेनंतरच्या छावणीत त्या एकोणीस वर्षांच्या, हातात भाताचा डाव.
"भात संपला तेव्हा रांगेत साठ माणसं होती.
मी झाकण ठेवलं आणि उगाच पातेल्याशी खुडबुडत राहिले.
माणसं रिकाम्या पातेल्यावर चिडत नाहीत, मुलांनो,
झाकलेल्या पातेल्यावर चिडतात."
टाळ्या वाजायला वेळ लागला.
मला आमच्या कॉलेजची फीवाढीची नोटीस आठवली,
सुट्टी लागल्यावर लावलेली.

मग तो मोटिव्हेशनवाला. नाव नाही लिहीत.
वडिलांच्या सायकलची गोष्ट सांगताना त्याचा आवाज
'पंक्चर' या शब्दावर फुटला.
आदल्या संध्याकाळी, रिकाम्या हॉलमध्ये, साउंड तपासताना
तो याच शब्दावर फुटला होता. दोनदा.
माईक मीच धरला होता.
तरी माझे डोळे भरले.
हे वहीत कुठे लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

आणि किसुमूचे ओडोंगो सर.
प्रश्नोत्तरांत शेवटच्या रांगेतला उलानबातरचा मुलगा उठला.
मी धावत गेले, माईक त्याच्या तोंडाशी धरला.
पहिलाच शब्द अडकला. प. प. प.
पुढच्या रांगा वळल्या. कुणी हसलं नाही,
ते जास्त वाईट होतं.
निवेदिका म्हणाली, "पॉलिसीबद्दल विचारायचंय का?"
सरांनी नुसत्या हातानं तिला थांबवलं
आणि खुर्चीत टेकले, गाडीला उशीर आहे असं कळल्यावर
माणूस बाकावर टेकतो तसे.
माझा हात दुखायला लागला. कोपर, मग खांदा.
समोरच्या घड्याळात लाल आकडे उलटे पळत होते.
शब्द आला. 'परमिशन' होता.
कुणाची घ्यायची, एवढंच विचारायचं होतं त्याला.

नंतर कॉफीपाशी मी सरांना म्हटलं,
तुम्हाला तो शब्द ओळखता आला नव्हता का?
म्हणाले, "आला असता तरी तो माझा नव्हता."
मग कार्डावरची टिंबं बघून, "तुझं नाव काय?"
सुलक्षा मयेकर.
त्यांनी तीनदा म्हणून बघितलं,
तिसऱ्यांदा बरोबर आलं.

रायबंदरहून फेरी, चोडणला घर, रविवारी ग्रामसभा.
मानशीची दारं कुजलीत, खाजनात खारं पाणी चढलंय.
कितेरियामाय बोलायला उठली,
दोन वाक्यं बोलली आणि थांबली.
ओठ हलत राहिले.
पंच म्हणाले, "कळलं, कळलं, हिला भरपाई हवी."

माझा हात आपसूक पुढे गेला,
मुठीत काहीच नाही, तिच्या तोंडासमोर.
"रावात," मी म्हटलं. परमिशन घेतली नाही.
पंखा घरघरत होता. पंचांनी घड्याळ बघितलं.
कोपर.
मग खांदा.